साइनने पाडलेलं पान: 'वैश्लेषिक फलन' या एका व्याख्येचं प्रकरण

जूनचा पहिला आठवडा. नागपुरात तेव्हा पाऊस फक्त अंदाजात असतो. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा आमच्या ग्रुपवर मेसेज आला, "सर, साइन क्ष वैश्लेषिक हाय का नाही?"

मी लिहिलं, "आहे."

"आन् ते उणे एक ते एकच्या बाहेर जात नाही ना?"

"नाही जात."

"मंग लिऊव्हिलच्या पानावर काऊन लिहून राहिले तुम्ही, का असं फलन स्थिरच असते म्हणून?"

पान उघडून पाहिलं. त्यावर असं वाक्य होतं: 'सर्वत्र वैश्लेषिक असलेलं आणि मर्यादेत राहणारं प्रत्येक फलन स्थिर असतं.' 'वैश्लेषिक' म्हणजे, ढोबळ मानाने, प्रत्येक बिंदूजवळ घात श्रेढीने (क्ष, क्ष², क्ष³… अशा घातांच्या अनंत बेरजेने) मांडता येणारं, आणि 'स्थिर' म्हणजे सगळीकडे एकच किंमत असणारं. साइन सर्वत्र वैश्लेषिक, मर्यादेत राहणारं, आणि स्थिर तर अजिबात नाही. म्हणजे आमच्या मराठी गणित-विकीवर लिऊव्हिलचं प्रमेय धडधडीत खोटं छापलेलं होतं. खरी गंमत अशी की ते पान लिहिणाऱ्याची काही चूक नव्हती. त्याने लिहिलं त्या दिवशी ते वाक्य बरोबर होतं. ते खोटं झालं नंतर, मी दुसऱ्याच एका पानावरची दोन ओळींची व्याख्या 'सुधारली' म्हणून.

हे कसं झालं आणि दुरुस्त करताना काय काय निघालं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. मराठीत उच्च गणिताची पानं एकत्र बसून लिहिणारे फार नाहीत. जे आहेत त्यांना हा खड्डा आधी दिसावा.

आधीचे दोन मसुदे

आम्ही सात-आठ जण आहोत. विद्यापीठातून निवृत्त झालेले एक सर, धरमपेठेत राहणाऱ्या आणि कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या एक ताई, वीज खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर काका, मी, आणि बदलती पोरंसोरं. बोलताना सगळे 'ॲनालिटिक फंक्शन'च म्हणतो. पानावर मात्र 'वैश्लेषिक फलन' लिहितो.

पहिला मसुदा काकांचा. त्यांनी लिहिलं होतं: 'जे फलन हवं तितक्या वेळा अवकलनीय असतं आणि म्हणून ज्याची टेलर श्रेढी मांडता येते, ते वैश्लेषिक.' (अवकलनीय म्हणजे डिफरन्शिएबल, आणि टेलर श्रेढी म्हणजे एका बिंदूपाशीच्या अवकलजांवरून बनवलेली घात श्रेढी.) इंजिनिअरिंगच्या पुस्तकातून आलेल्या माणसाची ही स्वाभाविक व्याख्या. काकांना उगाच हसू नये. लाग्रांजने १७९७ च्या ग्रंथात सगळं कलनशास्त्रच घात श्रेढींवर उभं करायचा घाट घातला होता. फलन म्हटलं की त्याची श्रेढी असणारच, काही सुटे बिंदू सोडले तर, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

दुसरा मसुदा सरांचा. त्यांनी काकांचं वाक्य पुसून एम.एस्सी.च्या वर्गात आयुष्यभर सांगितलेलं लिहिलं: 'संमिश्र प्रतलाच्या विवृत संचावर प्रत्येक बिंदूपाशी अवकलनीय असलेलं फलन म्हणजे वैश्लेषिक फलन.' (विवृत संच म्हणजे ज्यात काठ धरलेला नाही असा.) संमिश्र जगात हे चालतं. तिथे एकदा अवकलनीय म्हणजे अनंत वेळा अवकलनीय, आणि शिवाय प्रत्येक बिंदूभोवती घात श्रेढीने मांडता येणारं. कोशीच्या समाकल सूत्रातून ही श्रेढी आपोआप बाहेर पडते. अवकलज सतत आहे हे वेगळं गृहीत धरायची गरज नाही, हे गूर्साने दाखवलं. त्याचा तो प्रसिद्ध लेख १९०० सालचा. या व्याख्येच्या भरवशावर पुढच्या काही महिन्यांत चौदा पानं तयार झाली. लिऊव्हिलचं पान त्यातलंच. (जाता जाता: नाव लिऊव्हिलचं असलं तरी १८४४ मध्ये कोशीने ते छापून दिलं होतं.)

मग ताईंनी आंशिक अवकल समीकरणांवरचं पान सुरू केलं. त्यात अशा समीकरणांना उकल कधी असते हे सांगणारं कोशी–कोवालेव्हस्काया प्रमेय आलं, सोफिया कोवालेव्हस्कायाचं १८७५ सालचं. त्यात गुणक वास्तव चलांचे आणि वैश्लेषिक असावे लागतात. ताईंनी चर्चापानावर साधा प्रश्न विचारला: आपलं 'वैश्लेषिक' तर फक्त संमिश्र प्रतलातच राहतं, मग मी दुवा कुठे देऊ?

मी त्याच रात्री व्याख्येत 'वास्तव किंवा' एवढे दोन शब्द घातले, अवकलनीयतेच्या जागी घात श्रेढी आणली, आणि संपादन सारांशात 'किरकोळ विस्तार' असं लिहून झोपलो. विकीवर 'येथे काय जोडले आहे' नावाची एक कळ असते. एका दाबात ती चौदा पानं समोर आली असती. ती दाबली नाही.

धरमपेठेतली बैठक

रविवारी सकाळी ताईंच्या घरी जमलो. तर्री पोहे, आणि मोठ्या आवाजाचा कूलर. काका त्याच्यासमोरच बसले होते. आमच्यापुढे तीन मार्ग होते. सर म्हणाले, जुनी व्याख्या परत आणा, पान उलटवा, प्रश्न मिटला. ताई म्हणाल्या, मग माझं पान खोटं पडतं. काका म्हणाले, "मतं घ्या ना. सात जण आहोत, टाय पण होणार नाही."

मतांना माझाही विरोध नव्हता, खरं तर. पण तो साइनवाला पोरगा मध्येच म्हणाला, "काका, मतदानात साइन हरला तर तो स्थिर होते का?" सर इतके हसले की पोहे ठसक्यात गेले.

त्या हसण्यातून जी रीत निघाली ती आम्ही अजून पाळतो. ज्याला व्याख्या बदलायची आहे त्याने आधी एक फलन आणायचं: जुनी व्याख्या ज्याचा निकाल चुकीचा देते असं, किंवा ज्याचा निकालच देऊ शकत नाही असं. फलन नसेल तर बदल धूळपाटीवर राहील, पानावर जाणार नाही. (मराठी विकीवर सरावाच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात, हे मला मनापासून आवडतं. पाटीवर धूळ पसरून आकडेमोड करणाऱ्यांचा देश हा.)

तर त्या दिवशी फलनं मांडली गेली.

पहिलं सरांनी मांडलं, काकांच्या जुन्या मसुद्याच्या विरोधात: ई^(−१/क्ष²), आणि क्ष शून्य असेल तेव्हा किंमत शून्य. काकांनी मोबाइलवर आलेख काढला आणि फोन सगळ्यांना दाखवला. "हे तर शून्यापाशी शून्यच आहे." दिसतं तसंच. क्ष = ०.५ ला किंमत सुमारे ०.०१८. क्ष = ०.१ ला ती ई^(−१००) होते, म्हणजे दशांशचिन्हानंतर आधी ४३ शून्यं आणि मग ३७. कुठल्याही पडद्यावर ती रेष अक्षाला चिकटूनच दिसणार. पण शून्य फक्त एका बिंदूवर आहे, बाकी सगळीकडे फलन धन आहे.

आता अवकलज काढत जा. प्रत्येक अवकलज म्हणजे १/क्ष ची एखादी बहुपदी गुणिले तेच ई^(−१/क्ष²). शून्याकडे जाताना बहुपदी कितीही फुगली तरी घातांकी भाग तिला गिळतो. म्हणून शून्यापाशी पहिला अवकलज शून्य, दुसरा शून्य, शंभरावा शून्य. टेलर श्रेढी मांडता येते का? बिलकुल येते: शून्य अधिक शून्य अधिक शून्य. ती अभिसारीही आहे, म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक संख्येवर स्थिरावते, सगळ्या रेषेवर. फक्त तिची बेरीज आपलं फलन नाही.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे श्रेढी असणं वेगळं, ती जुळणं वेगळं आणि ती कशाला जुळते हे आणखी वेगळं." याहून नेमकं आमच्यातल्या कोणी सांगितलं नसतं. कोशीने १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच फलन पुढे करून लाग्रांजचा पाया उखडला होता. काकांचा मसुदाही त्याच फलनाने गेला. दोघांना एकच न्याय.

दुसरं फलन ताईंचं: १/(१+क्ष²). हे माझ्या व्याख्येला लागलं. मी घाईत लिहिलं होतं, 'जे फलन घात श्रेढीने मांडता येतं ते'. 'प्रत्येक बिंदूभोवती, त्या त्या परिसरात' हे शब्द गळाले होते. ताईंनी कागदावर श्रेढी लिहिली: १ − क्ष² + क्ष⁴ − क्ष⁶… मग क्ष = २ घातला: १ − ४ + १६ − ६४… श्रेढी उधळली. फलनाची किंमत मात्र शांतपणे १/५. माझं वाक्य शब्दशः घेतलं तर हे फलन वैश्लेषिक नाही, कारण एकच श्रेढी पूर्ण रेषेला पुरत नाही. पण ते वैश्लेषिक आहे. क्ष = १ भोवती नवी श्रेढी मांडा, ती √२ अंतरापर्यंत चालते. क्ष = ३ भोवती मांडा, √१० पर्यंत.

"पण शून्याभोवतीची श्रेढी एकपाशीच काऊन अडते?" पोराने विचारलं. "रेषेवर तर काहीच अडथळा नाही."

हा प्रश्न शिकवणाऱ्याला वर्षातून एकदा मिळाला तरी पुरे. अडथळा रेषेवर नाही, रेषेच्या बाहेर आहे. संमिश्र प्रतलात शून्याच्या थेट वर एक एकक अंतरावर आय (उणे एकचं वर्गमूळ) हा बिंदू आहे, आणि तितकाच खाली उणे आय. तिथे १+क्ष² शून्य होतो आणि फलन फुटतं. श्रेढीचं वर्तुळ त्या बिंदूला टेकलं की थांबतं. रेषेवर अ पाशी उभं राहिलं तर आय पर्यंतचं अंतर पायथागोरसने काढा: √(१+अ²). म्हणून शून्यापाशी १, एकपाशी √२, तीनपाशी √१०. वास्तव रेषेवरच्या श्रेढीची त्रिज्या न दिसणाऱ्या दोन बिंदूंनी ठरवली. सर एवढ्यावर थोडे नरमले, कारण संमिश्र आणि वास्तव एकाच पानावर का असावेत याचं कारण त्यांच्याच विषयातून निघालं होतं.

तिसरं फलन सरांनीच आणलं, आपल्याच मसुद्याचा एक कच्चा कोपरा दाखवायला. संमिश्र संख्येच्या मापाचा वर्ग, म्हणजे क्ष² + य². हे फलन शून्यापाशी संमिश्र अर्थाने अवकलनीय आहे, आणि फक्त शून्यापाशीच. म्हणून 'बिंदूपाशी अवकलनीय' आणि 'बिंदूपाशी वैश्लेषिक' यांत फरक आहे. वैश्लेषिक म्हणायचं तर आजूबाजूचा परिसर लागतो. परीक्षेत पोरं इथे मार्क घालवतात, वर्षानुवर्षं.

चौदा पानं

व्याख्या संध्याकाळपर्यंत ठरली. खरं काम नंतर सुरू झालं. सर्वसाधारण व्याख्या ठेवायची तर तिच्यावर टेकलेलं प्रत्येक वाक्य पुन्हा तपासायला हवं होतं: हे वास्तव जगात खरं आहे, की फक्त संमिश्र जगात?

काही पानं सुखरूप निघाली. दोन वैश्लेषिक फलनं एखाद्या छोट्या तुकड्यावर सारखी असतील तर सगळीकडे सारखी, हे अभिन्नता प्रमेय दोन्हीकडे चालतं. फक्त प्रांत एकसंध हवा, आणि ती अट आमच्या पानावर लिहायची राहिलीच होती. दोन सुट्या अंतरालांवर एकीकडे शून्य आणि दुसरीकडे एक अशी किंमत देणारं फलन वैश्लेषिकच असतं, पण प्रमेय त्याला लागू नाही. म्हणजे ते पान माझ्या बदलाने बिघडलं नव्हतं, आधीच अर्धवट होतं. दुरुस्तीत सापडलं इतकंच.

लिऊव्हिल फक्त संमिश्र; तिथे साइनही मर्यादेत राहत नाही. महत्तम मापाचं तत्त्वही (स्थिर नसलेल्या फलनाचं माप प्रांताच्या आत महत्तम होत नाही, हे) फक्त संमिश्र, आणि पाडणारं फलन पुन्हा साइनच: प्रांताच्या आतच, पाय/२ ला ते आपलं महत्तम गाठतं. पोरगा आता प्रत्येक पानावर साइन घेऊन फिरत होता, मिस्त्री लेव्हल घेऊन फिरतो तसा.

सगळ्यात मजेदार भांडण एकाच माणसाच्या दोन प्रमेयांत लागलं. वायरश्ट्रासचं एक प्रमेय सांगतं की वैश्लेषिक फलनांची मालिका प्रत्येक बंदिस्त तुकड्यावर एकसमान रीतीने एका फलनाकडे गेली, तर ते फलनही वैश्लेषिक. त्याचंच १८८५ सालचं दुसरं प्रमेय सांगतं की बंद अंतरालावरचं कुठलंही सतत फलन बहुपदींच्या मालिकेने एकसमान गाठता येतं. बहुपदी तर वैश्लेषिकच. मग क्ष चं केवलमूल्य, ज्याला शून्यापाशी टोक आहे आणि एकदाही अवकलज नाही, तेही वैश्लेषिक ठरायचं! आमच्या विकीवर ही दोन पानं तीन महिने शेजारी शेजारी नांदत होती आणि एकमेकांना खोटं पाडत होती. पहिल्या पानात 'संमिश्र प्रतलातल्या विवृत संचावर' एवढं घातल्यावर भांडण मिटलं.

पान उलटवून सगळं पूर्वीसारखं करावं, हा सरांचा पर्याय मला त्या रात्री फार मोहात पाडत होता, हे कबूल करतो. चौदा पानांचं काम वाचलं असतं. पण तसं केलं असतं तर अभिन्नता प्रमेयातली गळलेली अट कधी सापडली असती कुणास ठाऊक.

नावाचं मतदान

उदाहरणांवर मतं घेत नाहीत, पण नावांवर घ्यावीच लागतात. शाळेच्या पुस्तकात 'वास्तव संख्या' आहेत. सर जुन्या मराठी गणितलेखनातले, ते 'सत् संख्या' आणि 'सदसत् संख्या' म्हणतात. पोराने विचारलं, "सदसत् म्हणजे सदसद्विवेकबुद्धीतलं का?" सर म्हणाले, "हो, तेच. अर्धी सत्, अर्धी असत्." शब्द सुंदर आहे यात वाद नाही. पण आज बारावीतून येणाऱ्याला तो अडखळवतो. काकांचं मतदान अखेर इथे कामी आलं. 'वास्तव' आणि 'संमिश्र' जिंकले. 'सदसत्' टंकलं तर त्याच पानावर पोचवणारं पुनर्निर्देशन केलं. सरांनी पराभव मान्य केला, पण आपल्या संपादनांच्या सारांशात ते अजून 'सदसत्'च लिहितात.

'होलोमॉर्फिक'चं (म्हणजे संमिश्र अर्थाने अवकलनीय असलेल्या फलनाच्या नावाचं) काय करायचं हा खरा पेच होता. संमिश्र बाजूला तो शब्द 'वैश्लेषिक'शी प्रमेयाने जुळतो, व्याख्येने नाही. नुसतं पुनर्निर्देशन केलं की वाचकाला वाटणार, दोन नावं म्हणजे एकच गोष्ट, आणि मधलं प्रमेय गायब. म्हणून वेगळं छोटं पान ठेवलं. त्यात सरांचा जुना मसुदा जसाच्या तसा गेला, आणि खाली तो वैश्लेषिकशी का जुळतो याची सिद्धता. माणसाचं लिखाण पुसण्यापेक्षा त्याला त्याची जागा सापडावी हे बरं. सरांनाही ते रुचलं.

पानावर आज असलेली व्याख्या अशी:

'समजा, ड हा वास्तव संख्यारेषेचा किंवा संमिश्र प्रतलाचा विवृत उपसंच आहे आणि फ हे ड वरील फलन आहे. अ हा ड मधील बिंदू. अ भोवती शून्याहून मोठ्या त्रिज्येचा असा परिसर सापडत असेल, की त्यातील प्रत्येक क्ष साठी (क्ष − अ) च्या घातांची एक ठरावीक श्रेढी अभिसारी असून तिची बेरीज फ(क्ष) इतकीच येते, तर फ हे अ पाशी वैश्लेषिक आहे असे म्हणतात. ड च्या प्रत्येक बिंदूपाशी वैश्लेषिक असलेले फलन ड वर वैश्लेषिक होय. वास्तव अर्थाने की संमिश्र अर्थाने, हे प्रत्येक प्रमेयात स्पष्ट लिहावे.'

शेवटचं वाक्य व्याख्येचा भाग नाही, संपादकांसाठी आहे. सरांना ते व्याख्येच्या आत नको होतं. ताईंनी ते तिथेच ठेवलं, कारण पानाच्या तळाशी लिहिलेलं कोणी वाचत नाही. ताईंचं खरं होतं.

अनेक चलांचा विभाग अजून कच्चा आहे. तिथे पहिलाच मसुदा एका नव्या मुलीने लिहिला: 'प्रत्येक चलात वेगवेगळं वैश्लेषिक असेल तर एकत्रही वैश्लेषिक.' संमिश्र बाजूला हे हार्टोग्जचं १९०६ सालचं प्रमेय आहे, म्हणजे खरंच. वास्तव बाजूला क्षय/(क्ष²+य²), मूळबिंदूवर शून्य, घेऊन बघा: एक चल स्थिर धरला की दुसऱ्यात छान वैश्लेषिक. पण क्ष = य या तिरक्या रेषेवरून मूळबिंदूकडे या, किंमत सारखी १/२. फलन तिथे सततसुद्धा नाही. हे उदाहरण चर्चापानावर साइनवाल्यानेच टाकलं. आता त्याचं साइन सुटलं आहे.

आणि एक लाल दुवा, म्हणजे अजून न लिहिलेल्या पानाचा, तसाच आहे: प-ॲडिक संख्या. हेन्सेलने १८९७ मध्ये आणलेल्या त्या संख्यांवर आमची व्याख्या शब्दशः नेता येते. पण तिथे जागाच अशी विस्कळीत, की तुकड्यातुकड्यावर वेगळी स्थिर किंमत घेणारं फलनही वैश्लेषिक ठरतं आणि अभिन्नता प्रमेय कोसळतं. व्याख्येत 'किंवा प-ॲडिक' एवढेच शब्द घालायचे आहेत. काकांनी परवा विचारलं, घालू का. मी म्हटलं, थांबा, आधी ती कळ दाबतो. आता एकवीस पानं जोडलेली आहेत.